डिस्क जनरेटरचं गणित: फटीपासून व्होल्टेजपर्यंत

नमस्कार. आज आपण कायमचुंबकी डिस्क जनरेटरचं गणिती मॉडेल बांधणार आहोत. दोन पोलादी तबकड्या, त्यांवर समोरासमोर बसवलेले निओडिमियम चुंबक आणि मधे रेझिनमध्ये ओतलेला, लोखंडाचा गाभा नसलेला स्टेटर, म्हणजे कॉइलचा स्थिर भाग. या यंत्राचं विद्युत मॉडेल तीन आकड्यांवर उभं राहतं: फ्लक्स लिंकेज (फेजच्या सगळ्या वेढ्यांतून मिळून जाणारा चुंबकी फ्लक्स), रेझिस्टन्स (तारेचा रोध) आणि इंडक्टन्स (प्रवाह बदलायला कॉइल करते तो विरोध). हे तीन चुकले, तर सिम्युलेशनमधल्या कुठल्याच आलेखाला अर्थ उरत नाही.

एकच मशीन धरून चालू. प्रत्येक तबकडीवर १२ चुंबक, म्हणजे ६ ध्रुवजोड्या. चुंबक ४६ बाय ३० मिमी, जाडी १० मिमी. एकूण ९ कॉइल, तीन फेज, प्रत्येक फेजमध्ये ३ कॉइल सिरीजमध्ये. कॉइलला १.६ मिमी तारेचे ८० वेढे. स्टेटर १३ मिमी जाड, दोन्ही बाजूंना दीड-दीड मिमी मोकळी जागा. म्हणजे चुंबकापासून चुंबकापर्यंतची फट १६ मिमी.

[पडद्यावर: फटीतलं क्षेत्र = १.२५ × २० ÷ (२० + १.०५ × १६)]

यातलं १.२५ टेस्ला हे चुंबकाचं रेमनन्स, म्हणजे त्यात कायम उरणारं चुंबकत्व, २० मिमी ही दोन्ही चुंबकांची मिळून जाडी आणि १.०५ ही चुंबकाची सापेक्ष पारगम्यता, म्हणजे हवेच्या तुलनेत फ्लक्स किती सहज जातो ते. उत्तर येतं ०.६८ टेस्ला. पण थोडा फ्लक्स शेजारच्या चुंबकाकडे परस्पर वळतो, म्हणून पहिल्या अंदाजासाठी दहा टक्के कापा आणि ०.६१ धरा. चुंबकाच्या क्षेत्रफळाने गुणलं की ध्रुवामागे फ्लक्स ०.८४ मिलिवेबर.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दोन्ही बाजूंची फट फक्त एकेक मिमीने वाढली, तर क्षेत्र पाच टक्क्यांनी उतरतं. या तबकड्या एकमेकींना दोन हजार न्यूटनपेक्षा जास्त बलाने ओढतात, त्यामुळे पातळ तबकडी वाकते आणि फट सगळीकडे सारखी राहत नाही. शिवाय ५ मिमी जाडीच्या तबकडीत, चुंबकाच्या ४६ मिमी लांबीइतकाच पट्टा धरला, तर क्षेत्र २ टेस्लाच्या आसपास जातं, म्हणजे पोलाद संपृक्त होतं, त्यात आणखी फ्लक्स सहज मावत नाही. आपलं सूत्र मात्र पोलाद आदर्श आहे असं मानून चालतं! ८ मिमी घेतली की हाच आकडा १.३ च्या खाली येतो.

आता व्होल्टेज. ३०० आरपीएमला वारंवारता ३० हर्ट्झ.

[पडद्यावर: ४.४४ × ३० × २४० × ०.०००८४ × ०.९५ = २५.५ व्होल्ट]

हे फेज व्होल्टेज. ४.४४ हा ठरलेला गुणक (√२ × π), २४० हे फेजमधले एकूण वेढे (३ × ८०). शेवटचा ०.९५ हा वाइंडिंग फॅक्टर, म्हणजे कॉइलच्या मांडणीमुळे होणारी घट. स्टार जोडणीत (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) लाइन व्होल्टेज, म्हणजे दोन फेजमधलं, ४४ च्या थोडं वर. एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमागे ४८ व्होल्टची बॅटरी असेल, तर चार्जिंग कधी सुरू होईल? लाइन व्होल्टेजचं शिखर बॅटरी अधिक दोन डायोडच्या, म्हणजे ४९.४ व्होल्टच्या, वर गेलं की. इथे १.४१४ ने गुणायचं, १.३५ ने नाही, १.३५ हा गुणक भार सलग वाहू लागल्यानंतरचा. उत्तर साधारण २३७ आरपीएम.

रेझिस्टन्ससाठी एका वेढ्याची सरासरी लांबी २२१ मिमी धरली, तर फेजला ५३ मीटर तार लागते आणि २० अंशांना ०.४५ ओहम मिळतो. मॉडेलमध्ये मात्र हा आकडा टाकू नका. तांबं ८० अंशांवर गेलं की तो ०.५६ होतो, आणि रेझिन उष्णता नीट बाहेर जाऊ देत नाही. ५ अँपिअरला तांब्यातली हानी तिन्ही फेज मिळून ४२ वॅट. प्रवाह दुप्पट, तर हानी चौपट.

लोखंड नसल्यामुळे इंडक्टन्स कमी असतो आणि डी व क्यू अक्षांवर (चुंबकाच्या दिशेत आणि तिच्याशी विद्युत काटकोनात) जवळपास सारखाच. त्यामुळे डी-क्यू मॉडेल सोपं होतं: रिलक्टन्स टॉर्क (या दोन अक्षांच्या इंडक्टन्समधल्या फरकामुळे येणारा) शून्य, उरतो फक्त चुंबकाचा. इंडक्टन्स एलसीआर मीटरने (इंडक्टन्स, कपॅसिटन्स, रेझिस्टन्स मोजणाऱ्या) मोजूनच घ्या, आणि तोही तबकड्या जागेवर असताना.

[पडद्यावर: टॉर्क = १.५ × ६ × ०.१९१ × क्यू-प्रवाह]

०.१९१ वेबर हे फ्लक्स लिंकेज: २५.५ चं शिखर ३६ व्होल्ट, भागिले १८८.५ रेडियन प्रतिसेकंद. पडताळणी लगेच होते. ५ अँपिअर आरएमएसला (परिणामी मूल्य, शिखर भागिले १.४१४) टॉर्क १२.२ न्यूटन-मीटर, ३०० आरपीएमला ३८२ वॅट. तीन गुणिले २५.५ गुणिले ५ केलं तरी तेच येतं. येत नसेल, तर शिखर आणि आरएमएसची गल्लत झालेली असते.

तारेतले एडी करंट, म्हणजे बदलत्या फ्लक्समुळे तांब्याच्या आतच फिरणारे भोवरा प्रवाह, बहुतेक मॉडेलमधून सुटतात. इथे तांबं थेट चुंबकांच्या क्षेत्रात फिरत्या फ्लक्सला सामोरं असतं. याच मशीनमध्ये ३०० आरपीएमला ही हानी ८ वॅटच्या आसपास, ६०० ला चौपट, तीही बिनभाराची. १.६ च्या एका तारेऐवजी १.१ च्या दोन तारा घेतल्या तर ती निम्म्यावर येते, पण त्या एकमेकींत पिळलेल्या हव्यात. नाहीतर त्यांच्यातच प्रवाह फिरत राहतो.

भार जोडण्याआधी लेथवर ३०० आरपीएमला फिरवा आणि प्रत्येक फेज ट्रू आरएमएस मीटरने मोजा. तिन्ही सारख्या प्रमाणात कमी आल्या, तर आधी फट मोजा. एकच फेज एक तृतीयांशावर आली, तर तिची एक कॉइल उलटी जोडलेली आहे.