हीमचं वलय: रंग घडतो कसा, बिघडतो कसा

[दृश्य: प्रयोगशाळेतलं टेबल, लघवीच्या नमुन्यांच्या दोन बाटल्या]

एकाच रुग्णाचे, एकाच वेळी घेतलेले हे दोन नमुने. पहिली बाटली काळ्या कागदात गुंडाळून ठेवली होती, त्यातली लघवी नेहमीसारखी फिकट पिवळी आहे. दुसरी दिवसभर खिडकीत उभी होती. तिचा रंग गडद, लालसर तपकिरी झाला आहे. हे रक्त नव्हे. बाटलीत आधीपासून असलेल्या रंगहीन रेणूंपासून उजेड आणि हवेनं रंगीत रेणू तयार केले. ते रंगहीन रेणू म्हणजे शरीराच्या कारखान्यात अर्धवट राहिलेलं हीम.

हीम म्हणजे हिमोग्लोबिनमधला लाल भाग. त्याचा सांगाडा साधा आहे. चार कार्बन आणि एक नायट्रोजन मिळून एक पंचकोन होतो, त्याला पायरोल म्हणतात. असे चार पंचकोन चार सांध्यांनी जोडले की एक मोठं, जवळजवळ सपाट वलय बनतं. चारही नायट्रोजन आत तोंड करून असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत एक धातूचा अणू नेमका बसतो. हीममध्ये तिथे लोह असतं. चार पायरोलांवर उभ्या असलेल्या या सगळ्या कुळाचं नाव टेट्रापायरोल. हरितद्रव्य याच कुळातलं, बी-१२ जीवनसत्त्व आणि पित्तातले रंगही याच कुळातले.

रंगाचं मूळ वलयाच्या सलगपणात आहे. एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून वलयभर फिरतात, त्यामुळे काही इलेक्ट्रॉन कुठल्याच एका अणूचे राहत नाहीत, सगळ्या वलयाचे होतात. असे इलेक्ट्रॉन ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश जबरदस्त शोषतात. १८८३ मध्ये झाक-लुई सोरे यांनी रक्तात हा पट्टा पाहिला, म्हणून त्याला सोरे पट्टा म्हणतात. ५०० ते ६५० नॅनोमीटरच्या दरम्यान आणखी काही फिकट पट्टे असतात. मधला धातू बदलला किंवा धातूला चिकटलेला पाहुणा बदलला की ते सरकतात. आपल्या डोळ्यांना दिसणारा फरक बहुतेक या फिकट पट्ट्यांचाच.

[दृश्य: पेशीचं रेखाचित्र, मायटोकाँड्रिया ठळक]

शरीरातलं बहुतेक हीम अस्थिमज्जेत, घडणाऱ्या लाल पेशींसाठी बनतं. उरलेलं मुख्यतः यकृतात. कच्चा माल अगदी किरकोळ आहे: ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल आणि सक्सिनिल-कोएन्झाइम-ए. मायटोकाँड्रियामध्ये या दोघांपासून अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल बनतं, थोडक्यात ए.एल.ए. या पहिल्या पायरीला बी-६ जीवनसत्त्वाची मदत लागते. डेव्हिड शेमिन यांनी १९४० च्या दशकात जड नायट्रोजनची खूण असलेलं ६६ ग्रॅम ग्लायसिन स्वतःच खाल्लं आणि ती खूण आपल्याच रक्तातल्या हीममध्ये शोधून काढली. हीममधला नायट्रोजन ग्लायसिनमधून येतो हे त्यातून कळलं. शिवाय खूण किती दिवस टिकते यावरून लाल पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं असतं, हेही हाती लागलं.

ए.एल.ए. मायटोकाँड्रियाबाहेर येतं. दोन ए.एल.ए. जुळून एक पायरोल तयार होतो, त्याचं नाव पॉर्फोबिलिनोजेन. हे काम करणाऱ्या एन्झाइममध्ये जस्त असतं आणि शिसं नेमकं त्या जस्ताची जागा बळकावतं. शिशाच्या विषबाधेत लघवीत ए.एल.ए. वाढतं ते म्हणून.

पुढे चार पायरोलांची सरळ साखळी तयार होते. ती वलयात बंद करताना चौथा पायरोल उलटा फिरवावा लागतो आणि त्यासाठी वेगळं एन्झाइम आहे. ते कमी पडलं तर साखळी थांबून राहत नाही. काही मिनिटांत ती आपोआप बंद होते, पण चौथा पायरोल न फिरवता. असं वलय पुढच्या एका पायरीनंतर अडतं आणि त्याचं हीम कधीच होत नाही. ते हाडांत आणि दातांत साठतं, दात तांबूस दिसतात, अतिनील दिव्याखाली लाल झळकतात आणि उन्हात त्वचा फोड येऊन सोलवटते. हा जन्मजात आजार फार दुर्मिळ आहे, पण एक पायरोल फिरवण्याची किंमत किती असते ते त्यातून दिसतं.

इथवरची वलयं रंगहीन असतात, कारण चार सांध्यांवर जास्तीचे हायड्रोजन असतात आणि इलेक्ट्रॉनांचा सलग रस्ता तुटलेला असतो. ते हायड्रोजन काढून टाकण्याचं काम पुन्हा मायटोकाँड्रियात, शेवटून दुसऱ्या पायरीला होतं. खिडकीतल्या बाटलीत हेच एन्झाइमशिवाय घडलं: पॉर्फोबिलिनोजेनचे रेणू आपसांत जुळले आणि हवेनं त्यांना रंग चढवला.

[दृश्य: परीक्षानळी, थेंब पडताना जवळून]

पोटात असह्य कळा, पण पोट हाताला मऊ. नाडी जलद, कधी हातापायांतली ताकद गेलेली. तीव्र पॉर्फिरियाचा, म्हणजे हीम घडण्याची साखळी अडून कच्चा माल साचण्याच्या आजाराचा, झटका असा असतो आणि तो ओळखायला सोपी चाचणी आहे. सहा मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०० मिलिलिटरमध्ये पॅरा-डायमिथिलअमिनोबेन्झाल्डिहाइडचे २ ग्रॅम विरघळवायचे. या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये लघवीचे फक्त दोन थेंब टाकायचे. पॉर्फोबिलिनोजेन वाढलेलं असेल तर लगेच लाल रंग उमटतो. प्रमाण उलटं करायचं नाही. लघवी जास्त झाली तर आम्ल पातळ होतं आणि मग युरोबिलिनोजेनही (पित्तातल्या रंगापासून आतड्यात बनणारा रेणू) लाल रंग देऊन फसवतं. ही चाळणी परीक्षा झाली, पक्कं निदान मोजमापानंच करायचं. त्यासाठी झटक्याच्या वेळचा कोणताही एक नमुना चालतो, तो उजेडापासून झाकून पाठवायचा आणि आकडा क्रिएटिनिनच्या (लघवी किती पातळ आहे ते सांगणाऱ्या द्रव्याच्या) तुलनेत वाचायचा. २४ तासांची लघवी जमवत बसण्यात फक्त वेळ जातो. फार पाणचट नमुना खोटा दिलासा देतो, तो परत मागवावा.

झटका येतो कशानं? यकृतातल्या पहिल्या पायरीवर हीमचाच लगाम असतो. बार्बिच्युरेटसारखी झोपेची औषधं किंवा कडक उपास यांनी हा लगाम सुटतो, पहिली पायरी धावू लागते आणि पुढचं एन्झाइम निम्म्यावर असल्यानं माल तिथे तुंबतो. म्हणून उपचारही हीमचाच: दर किलो वजनामागे ३ ते ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सहसा चार दिवस शिरेतून. पाण्यात हीम टिकत नाही आणि शिरेला सूज आणतं, त्यामुळे ते अल्ब्युमिनमध्ये किंवा आर्जिनिनसोबत, मोठ्या शिरेतून देतात.

शेवटच्या पायरीला वलयात लोह बसवलं जातं. लोहाची टंचाई असेल तर तेच एन्झाइम जस्त बसवून मोकळं होतं. त्यामुळे लाल पेशींत जस्ताचं पॉर्फिरिन, म्हणजे लोहाऐवजी जस्त बसलेलं वलय, वाढलेलं दिसलं की लोहाची कमतरता किंवा शिशाची बाधा, दोन्ही तपासावी लागतात.

[दृश्य: खल, हिरवी पानं, गाळणी कागद]

मधल्या धातूचं महत्त्व बघायला पान पुरे. हरितद्रव्यात लोहाच्या जागी मॅग्नेशियम असतं आणि वलयाला २० कार्बनांचं लांब शेपूट. १ ग्रॅम ताजी पानं, चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट आणि ८० टक्के अ‍ॅसिटोनचे १० मिलिलिटर थंड खलात, मंद उजेडात वाटायचे आणि गाळायचे. कार्बोनेट विसरलं तर पानातलंच आम्ल हरितद्रव्य बिघडवतं आणि अर्क मळकट येतो. चांगला अर्क आरपार हिरवा असतो. त्यावर बाजूनं तीव्र प्रकाश टाकला तर तो रक्तासारखा लाल झळकतो, ही प्रतिदीप्ती. आता विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे एक-दोन थेंब टाका. मॅग्नेशियम सुटतं, त्या जागी दोन हायड्रोजन बसतात आणि अर्क शेवाळी तपकिरी होतो. भाजी जास्त शिजली की तिचा हिरवा रंग मरतो तो याच कारणानं. याच नळीत कॉपर अ‍ॅसिटेटचे थोडे कण टाकून ती कोमट पाण्यात धरली की काही वेळात हिरवा रंग परत येतो, आधीपेक्षाही पक्का. पण लाल झळक परत येत नाही, तांबं ती विझवतं. अ‍ॅसिटोन पेट घेतं, ज्योत जवळ नको.

लोहही ही झळक विझवतं. म्हणून रक्त अतिनील दिव्याखाली झळकत नाही, आणि तपकिरी अंड्याचं कवच मात्र लाल झळकतं, कारण त्यात लोहाविना राहिलेलं पॉर्फिरिन असतं. निसर्गानं या चौकटीत इतर धातूही बसवले आहेत: बी-१२ मध्ये कोबाल्ट, मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या एफ-४३० मध्ये निकेल आणि आफ्रिकेतल्या तुराको पक्ष्याच्या लाल पिसांत चक्क तांबं. बी-१२ मध्ये वलयाचा एक सांधा गाळलेला असतो, तो रेणू स्वतंत्र चित्रफितीचा विषय आहे.

[दृश्य: हिमोग्लोबिनच्या कप्प्यातलं हीम, त्रिमित चित्र]

लोहाचा गुण आणि धोका एकाच ठिकाणी आहे. ते ऑक्सिजन धरतं आणि सोडतं, पण दोन नुसती हीम पाण्यात भेटली तर ऑक्सिजन दोघांच्या मधे अडकतो, लोह एक इलेक्ट्रॉन गमावून फेरिक अवस्थेत जातं आणि कामातून जातं. ग्लोबिन हे प्रथिन हीमला पाणी न शिरणाऱ्या कप्प्यात एकटं ठेवतं. एका बाजूनं हिस्टिडिन लोहाला धरून ठेवतं, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनपुरती जागा. ऑक्सिजन नसताना लोह वलयाच्या पातळीबाहेर सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम असतं, तो चिकटला की आत सरकतं. या सरकण्यानं हिस्टिडिन ओढलं जातं आणि हिमोग्लोबिनच्या चार तुकड्यांपर्यंत निरोप पोचतो. कार्बन मोनॉक्साइड हीच जागा ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ६६० आणि ९४० नॅनोमीटर या दोनच तरंगलांबींवर बघतो, तिथे कार्बन मोनॉक्साइड धरलेलं रक्त ऑक्सिजनयुक्त रक्तासारखंच दिसतं. माणूस गुदमरत असताना यंत्र ९८ दाखवू शकतं.

एवढा बंदोबस्त असूनही थोडं लोह रोज फेरिक होतंच आणि लाल पेशीतलं एक एन्झाइम ते परत जागेवर आणतं. नायट्राइट, डॅप्सोन, काही भूल देणारी मलमं यांनी हे प्रमाण वाढलं की त्वचा निळसर होते आणि ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडतो. तेव्हा पांढऱ्या गाळणी कागदावर रक्ताचा एक थेंब ठेवून पाहा. साधं ऑक्सिजन नसलेलं रक्त हवेत लाल होत जातं, मेथेमोग्लोबिन, म्हणजे फेरिक लोहाचं हिमोग्लोबिन, चॉकलेटी ते चॉकलेटीच राहतं. उपचार मिथिलिन ब्लूचा, दर किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, सावकाश शिरेतून. मात्र जी-६-पी-डी एन्झाइम कमी असणाऱ्यांना ते द्यायचं नाही: गुण येत नाही, उलट लाल पेशी फुटतात.

मोकळं हीम पेशींना जाळतं, हे हिवतापाच्या परजीवीलाही चुकलेलं नाही. तो लाल पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो आणि उरलेलं हीम काळपट स्फटिकांत बांधून ठेवतो. क्लोरोक्विन ही स्फटिकं वाढू देत नाही आणि परजीवी आपल्याच उष्ट्यानं मरतो. १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठरातला परजीवी ओळखला तो या काळ्या कणांवरूनच.

[दृश्य: मार लागलेल्या त्वचेचे दिवसागणिक रंग]

लाल पेशी म्हातारी झाली की तिचं हीम मोडायला जातं. हीम ऑक्सिजनेज हे एन्झाइम ऑक्सिजनचे तीन रेणू खर्चून वलयाचा एक ठरावीक सांधा तोडतं. त्यातून लोह सुटतं, कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू निघतो आणि हिरवं बिलिव्हर्डिन उरतं. लगेच त्याचं पिवळं बिलिरुबिन होतं. मार लागल्यावर त्वचा आधी काळीनिळी, मग हिरवट, मग पिवळी होते, ती याच क्रमानं.

बिलिव्हर्डिन पाण्यात विरघळतं, बिलिरुबिन जवळजवळ नाही, कारण त्याचे पाणी धरणारे भाग हायड्रोजन बंधांनी आपसांतच गुंतलेले असतात. यकृत त्याला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून विरघळतं करतं आणि पित्तात सोडतं. नवजात बाळाचं हे जोडणारं एन्झाइम अजून कच्चं असतं, म्हणून कावीळ. ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्वचेतल्या बिलिरुबिनचा एक दुहेरी बंध फिरवतो, गुंता सुटतो आणि ते यकृताच्या मदतीशिवाय बाहेर जाऊ लागतं. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड यांच्या लक्षात आलं की उन्हात ठेवलेल्या बाळांची त्वचा फिकट होते. १९५८ मध्ये क्रेमर आणि सहकाऱ्यांनी त्यावरून दिव्यांचा उपचार प्रसिद्ध केला. दिव्याखाली बाळाचे डोळे झाकायचे, अंग जितकं उघडं तितकं बरं. आणि उपचार सुरू झाला की त्वचेच्या रंगावर विसंबायचं नाही, ती आधी उजळते, रक्तातला आकडा मागे राहतो.

आतड्यात पोचलेल्या बिलिरुबिनपासून जंतू रंगहीन युरोबिलिनोजेन बनवतात. त्याचं पुढे तपकिरी स्टर्कोबिलिन होतं, विष्ठेचा रंग तोच. थोडं रक्तात परत जाऊन लघवीला पिवळा रंग देतं. पित्ताची वाट बंद असेल तर यातलं काहीच आतड्यात पोचत नाही. बाळाची शी पांढुरकी, मातीसारखी दिसू लागली, लघवी गडद झाली आणि कावीळ १४ दिवसांनंतरही राहिली, तर दिव्याखाली ठेवून वाट बघू नये. त्याच दिवशी एकूण आणि जोडलेलं, अशी दोन्ही बिलिरुबिनं तपासून घ्यावीत. पित्तनलिकाच बंद असल्याचं निघालं तर शस्त्रक्रिया जन्मापासून ६० दिवसांच्या आत झाल्यास पित्त वाहू लागण्याची शक्यता जास्त असते.