हद्द, पूररेषा आणि प्रचाराचं पत्रक

(दृश्य: कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली एक तालीम. संध्याकाळ. पदयात्रा पुढच्या गल्लीत वळली आहे, हलगी अजून ऐकू येते.)

निवेदक: प्रचारातलं कुठलंही पत्रक उचला. रस्ते, गटारी, पाणी, बागेत ओपन जिम. वाचणाऱ्याला वाटावं, उमेदवार नगरसेवकपदाला उभा आहे. उभा असतो तो विधानसभेला.

याला कोल्हापुरात कारणही घडलं. महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढच्या मतदानाला जानेवारी २०२६ उजाडलं. मधली पाच वर्षं प्रशासक. गटार तुंबली की माणूस जाणार कुठं? आमदाराच्या दारात. आमदारांनाही ते सोयीचं पडलं. वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी हातात असतो. त्यातून पेव्हिंग ब्लॉक बसतात, हॉल उभा राहतो, कोनशिलेवर नाव लागतं. विधानसभेत २८८ जणांत उभं राहून एखाद्या विधेयकावर भांडलात, तर त्याची कोनशिला कुठल्या गल्लीत बसवणार?

(दृश्य: शहराबाहेर जाणारा रस्ता. एका बाजूला अपार्टमेंट, दुसऱ्या बाजूला ऊस.)

निवेदक: आमदारानंच करायचं असं काम बघायचं असेल, तर इथं या. हद्दवाढ, म्हणजे लगतची गावं शहरात घेणं. नगरपालिका १८५४ ची, महानगरपालिका झाली १९७२ ला. क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटर, आणि महापालिका झाल्यापासून ते तेवढंच आहे. शहर वाढलं ते हद्दीबाहेर: कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उचगाव. माणूस राहतो कोल्हापुरात, कागदावर मात्र तो ग्रामपंचायतीचा.

ही रेषा महापालिका हलवू शकत नाही. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार हद्द बदलण्याचा अधिकार राज्य सरकारचा. म्हणजे विषय थेट मुंबईतला. तरी घोडं अडलंय, कारण मतदारसंघांची रेषा वेगळी आहे. ‘कोल्हापूर उत्तर’ म्हणजे जवळपास सगळं शहर. तिथल्या उमेदवाराला हद्दवाढ मागायला काहीच खर्च येत नाही. ‘दक्षिण’मध्ये शहराचे प्रभागही आहेत आणि ही गावंही. तिथला उमेदवार म्हणतो, “सर्वांना विश्वासात घेऊन निर्णय करू.” हे वाक्य ऐकलं की समजायचं, आणखी एक निवडणूक गेली.

गावांचं म्हणणं मात्र हसण्यावारी न्यायचं नाही. घरफाळा वाढणार, जमिनीवर आरक्षण पडणार. त्या बदल्यात काय? केएमटी, म्हणजे महापालिकेची बस, शहरातच वेळेवर येत नाही, ती आमच्या वेशीपर्यंत कधी येणार? २०१७ मध्ये ४२ गावांच्या विकासासाठी वेगळं प्राधिकरण नेमून सरकारनं मधली वाट काढली. त्यानं ना हद्दवाढ मागणारे गप्प बसले, ना विरोध करणारे.

(दृश्य: पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. पाण्यात उभी मोजपट्टी.)

निवेदक: पावसाळ्यात कोल्हापूरकर फुटात बोलतो. सकाळी दूध आणायला गेलेला माणूस आधी विचारतो, “किती फूट झालं?” इथं ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ ही धोका पातळी. २००५ चा पूर म्हातारी माणसं शेवटचा मोठा पूर म्हणून सांगायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तोच प्रकार. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला.

पाणी चढायला लागलं की सुतारवाड्यातली कुटुंबं पहिल्यांदा बाहेर पडतात आणि चित्रदुर्ग मठात येतात. दरवर्षीचं बिऱ्हाड. कुठलं भांडं न्यायचं आणि कुठलं माळ्यावर टाकायचं, हे तिथल्या बायकांना पाठ आहे.

आता उमेदवाराचं भाषण ऐका. पुराचा विषय निघाला की पहिलं नाव कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं; तिथं पाणी अडलं की इथं पूर फुगतो, ही तक्रार. धरणाची उंची वाढू देणार नाही, कर्नाटकाला जाब विचारू. प्रश्न खोटा नाही, दोन राज्यांचा आहे आणि तो मांडायलाच हवा. पण अलमट्टी सोयीचीही आहे. तिथलं एकही मत इथल्या पेटीत पडत नाही. निळी रेषा, लाल रेषा, म्हणजे नदीकाठच्या बांधकामावर बंधन घालणाऱ्या पूररेषा, हे शब्द भाषणात येत नाहीत. पूररेषा आखते राज्याची जलसंपदा, बांधकाम नियमावली करतं राज्याचं नगरविकास खातं. म्हणजे दोन्ही दोऱ्या मुंबईत. नदीकाठच्या शेतात डंपरनं भराव टाकणारा मात्र कर्नाटकातून येत नाही.

(दृश्य: भाऊसिंगजी रस्ता. काळे कोट घातलेले वकील.)

निवेदक: पत्रकातली एखादी ओळ काम होऊन खोडलीही जाते, हे सांगायला हवं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची मागणी वकिलांनी आणि पक्षकारांनी काही दशकं लावून धरली. १८ ऑगस्ट २०२५ पासून त्याचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, इथं सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी. काळम्मावाडी धरणाचं पाणीही थेट पाइपलाइननं २०२३ च्या दिवाळीत शहरात पोचलं. शहरातल्या रस्त्यांवरचा टोल तर लोकांनी रस्त्यावर उतरून घालवला, तेव्हा डाव्या चळवळीतले एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे पुढं होते. कट्ट्यावर कुणीतरी हटकून म्हणतं, “टोल आमदारानं नाही घालवला, आपण घालवला.” थोडी फुशारकी आहे, पण अगदी चूक नाही.

(दृश्य: पंचगंगा घाट, पहाट.)

निवेदक: विधानसभेचा प्रचार गेली काही वर्षं दिवाळीच्या आगेमागे येतो. नदी तेव्हा पात्रात गेलेली असते. २०२४ ला मतदानाच्या पाच दिवस आधी त्रिपुरी पौर्णिमा होती. या घाटावर त्या पौर्णिमेच्या पहाटे पणत्या लागतात. गर्दी होते, फोटो निघतात. ज्या पायरीवर पणती ठेवायची, ती जुलैत पाण्याखाली होती.