शेळीनं पाय उचलला

नमस्कार श्रोतेहो. सोड्याची बाटली उघडली की फसफसते. ते बुडबुडे आधी कुठे होते? पाण्यातच मुरलेले, दाबाखाली गप्प. खोल गेलेल्या पाणबुड्याच्या अंगात हवेतला नायट्रोजन असाच मुरतो आणि तो झपकन वर आला की अंगाचा सोडा होतो. सांधे धरतात, कधी पाय लुळे पडतात. फ्रान्सच्या पॉल बेर यांनी हे १८७८ मध्येच दाखवलं होतं. पण वर यायचं कसं, ते शिकवलं शेळ्यांनी.

हो, शेळ्यांनी! लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बॉयलरसारख्या पोलादी टाकीत शेळ्या कोंडल्या, हवेचा दाब चढवला, मग उतरवला. आता, कुठे दुखतंय हे शेळी सांगणार कशी? ती पुढचा एक पाय उचलून उभी राहते. आजीची शेळी काटा रुतला की अशीच उभी राहायची, रुसल्यासारखी. हॉल्डेन ते पाय मोजत बसले. जाड शेळ्यांना त्रास जास्त! आणि कळलं काय, तर दाब एकदम निम्म्यावर आणला तरी शेळी ठणठणीत. म्हणजे निम्म्या दाबापर्यंत वर या, थांबा. पुन्हा थोडं वर, पुन्हा थांबा. १९०८ मध्ये त्याचे तक्तेच छापले.

मधे १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर माणसं बुडवून चाचण्या झाल्या. त्यात हॉल्डेननी स्वतःचा तेरा वर्षांचा मुलगाही पाण्यात सोडला. पोशाख मोठ्या माणसाचा, मनगटातून पाणी आत! आपल्याकडेही पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलणारे वडील होते. आता पोहण्यालाही क्लास आणि क्लासला युनिफॉर्म. असो. तो मुलगा म्हणजे जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन, जे पुढे १९५७ मध्ये कोलकात्याला आले आणि भारतीय नागरिक झाले.

तर, वर येताना थांबत थांबत. तरीही त्रास झालाच, तर रुग्णाला पुन्हा दाबाच्या खोलीत ठेवतात, ऑक्सिजन देतात आणि दाब सावकाश उतरवतात. हीच खोली आज बंद न्हाणीघरात गॅस गिझरचा विषारी वायू भिनलेल्यांना, मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमांना उपयोगी पडते. चेहरा उजळायला म्हणून तिथे पैसे ओतणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही.

पाणबुड्यांच्या मनगटावरच्या कॉम्प्युटरमध्ये अजूनही बहुधा हॉल्डेनच्याच पद्धतीचं गणित असतं. आता सोनोग्राफीनं रक्तातले बुडबुडे बघून माणसागणिक वेगळा तक्ता करण्याचे प्रयत्न चाललेत.

आणि तारकर्लीला स्कूबाच्या दोन-तीन डुबक्या मारून संध्याकाळचं विमान धरणार असाल, तर तिकीट बदला. विमानातही दाब कमीच असतो. किमान अठरा तास जमिनीवर काढा, मालवणात जेवायला काही कमी नाही.