न आलेल्या बायकांचं मत

[पहाट. बंद शटर. वर पाटी: सरकारमान्य देशी दारूचे दुकान.]

बीड जिल्ह्यातलं बालाघाटाच्या कडेचं एक गाव. नाव सांगत नाही. बायांनीच तशी अट घातली होती.

दुकानासमोरची जमीन जरा बघा. बाटल्यांची पत्र्याची बुचं वर्षानुवर्षं पायाखाली दाबली जाऊन मातीत अशी बसलीत की फरशी केल्यासारखी वाटते. बाजूच्या टपरीवर उकडलेली अंडी, खारे शेंगदाणे. नाइंटी, क्वार्टर ही मापं इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात.

दुकानाचा सगळ्यात मोठा धंदा दिवाळीला होत नाही, दसऱ्याच्या आधी होतो. तेव्हा तोडीला मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटतो. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला इथं एक 'कोयता' म्हणतात. उचल दोघांच्या मजुरीपोटी मिळते, पण ती पडते एकाच्या हातात. आणि मुकादमाच्या घरून वस्तीकडे जाणारा रस्ता या दुकानावरूनच जातो.

[ड्रोन. गाव, तळं, रस्ता.]

वरून गाव दिसतंय तोवर आकडे सांगून घेतो. खाली उतरल्यावर त्यांना वेळ मिळणार नाही.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर सर्वेक्षण करून घेतलं, त्याचा अहवाल 2019 साली आला. 10 ते 75 वयोगटातले 16 कोटी भारतीय दारू पितात. पुरुषांमध्ये हे प्रमाण 27.3 टक्के, बायकांमध्ये 1.6 टक्के. पिणाऱ्यांपैकी साडेपाच कोटींहून जास्त लोकांचं पिणं मदत लागावी इतकं बिघडलेलं. आणि दारूशिवाय ज्यांचं चालतच नाही, अशा 38 जणांमागे कसलाही उपचार मिळालेला माणूस एक.

राज्यघटनेचं 47 वं कलम म्हणतं, मादक पेयांवर बंदी आणण्याचा राज्याने प्रयत्न करावा. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. दुकानाचा परवाना त्याच कायद्याखाली मिळतो. पिणाऱ्यानेही परवाना बाळगावा, असं तोच कायदा सांगतो. आम्ही सकाळभर दुकानासमोर उभे होतो. खिशांतून नोटा निघाल्या, तंबाखूच्या पुड्या निघाल्या, एकदा आधार कार्डही निघालं. परवाना काही दिसला नाही.

पिण्याची दारू जीएसटीत नाही. तिच्यावरचा कर थेट राज्याच्या तिजोरीत येतो, महाराष्ट्रात वर्षाला 20 हजार कोटींच्या वर. एवढं सांगून ड्रोन खाली आणतो.

[मारुतीच्या पारावर बायका. मध्ये सतरंजी, सतरंजीवर कागद.]

दुकान बंद करायचा एक रस्ता सरकारनेच ठेवलेला आहे. 2008 च्या आदेशात तो लिहिलाय. गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची. राज्य उत्पादन शुल्क विभाग त्या सह्या तपासतो. मग गावात गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोनच चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा.

ऐकायला सोपं आहे. सह्यांचे कागद भरायला बायांना अडीच महिने लागले.

जी हे सगळं चालवतेय, तिला गाव मावशी म्हणतं. मावशीचं शिक्षण चौथी. तिने मतदार यादी वाडीवार फाडून घेतली, प्रत्येक वाडीला दोघी नेमल्या. एक लिहिता येणारी, दुसरी भांडता येणारी. ही वाटणी आमची नाही, तिचीच.

[हात. अंगठे. शाईची पेटी. निळे अंगठे पदराला पुसले जातात.]

हे दृश्य आम्ही कापलं नाही, पूर्ण ठेवलंय. एक बाई येते, सही करते, जाते. दुसरी येते, नवरा लांब उभा आहे का बघते, अंगठा देते. तिसरीच्या सासूने आधीच सही केलीय, म्हणून तिला भीती नाही. चौथी म्हणते, "माझं नाव नका लिहू, पण मत देईन." मावशी तिला म्हणते, "बरं माय, मनात धर."

[पडताळणीचा दिवस. शाळेचा व्हरांडा, टेबल, यादी.]

पडताळणीला साहेब येतात. प्रत्येकीने समोर यायचं, ओळखपत्र दाखवायचं, ही सही माझीच म्हणून सांगायचं. अर्जावर नाव सुमन, कार्डावर सुमनबाई. अर्जावर सासरचं आडनाव, कार्डावर माहेरचं. एकीचा अंगठा कापसाच्या वेचणीने इतका चिरलाय की ठसा उमटत नाही. ती परत परत शाईत बुडवते, परत परत दाबते. शेवटी साहेबच उठून पाण्याचा पेला पुढे करतात.

त्या दिवशीची मजुरी प्रत्येकीची बुडाली. तरी 25 टक्क्यांचा आकडा पार झाला. इथपर्यंत गाव हसत होतं.

मग विचारणं सुरू झालं. हेच विचारणं प्रत्येक गावात होतं: दुकान बंद केलं तर हातभट्टी येईल, विषारी पिऊन माणसं मरतील, मग काय? मुंबईत मालवणीला 2015 च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभराच्या आसपास माणसं गेली. मुंबईत दारूबंदी नव्हती. चंद्रपूरचं उदाहरणही देतात. 2015 ला बंदी झाली, 2021 ला उठवली, चोरटी दारू थांबत नाही म्हणून. उदाहरण खरं आहे. पण या गावात जिल्हा बंद करायचा म्हणून कोणी म्हणत नव्हतं. वस्तीच्या तोंडावरचं एक शटर, एवढीच मागणी होती.

[मावशीचं स्वयंपाकघर. भांड्यांची फळी. फळीवर भांड्यांच्या बुडांचे गोल डाग, भांडी नाहीत. निवेदन नाही. वीस सेकंद.]

[रात्र. कंदिलाखाली मावशी, तिची नात, मतदार यादी.]

आता ती गोष्ट, जिच्यासाठी आम्ही या गावात दोनदा आलो.

सरपंचाच्या निवडणुकीत ज्याला जास्त मतं, तो जिंकतो. आडव्या बाटलीला तेवढं पुरत नाही. यादीत जितक्या बायका आहेत, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीच्या निम्म्याहून. समजा, यादीत 1,200 नावं. मतदानाला आल्या 900. त्यातल्या 590 जणींनी बाटली आडवी केली, 310 जणींनी उभी ठेवली. दुकान चालू राहणार, कारण 601 झाली नाहीत. ज्या 300 जणी आल्याच नाहीत, त्या सगळ्या दुकानाच्या बाजूने मोजल्या गेल्यासारख्या.

नात नावं वाचते, मावशी पेन्सिलने खुणा करते. ही तोडीला गेली, सांगलीकडे. ही पण तोडीला. ही कर्नाटकात. या दोघी जावा एकाच ट्रॅक्टरवर गेल्या. ही लग्न होऊन गेली, चार वर्षं झाली, नाव अजून इथंच. ही पुण्याला पोराकडे. आणि ही…

नात थांबते. मावशीची सासू.

"ही आता मत द्यायला वरून येणार हाय व्हय?" मावशी हसते. हसून झाल्यावर पेन्सिल खाली ठेवते.

जिच्या उचलीवर दुकान चालतं, तीच बाई मतदानाच्या दिवशी दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडात मोळ्या बांधत असते. मतदानाची तारीख जानेवारीतली होती. तोडीचा हंगाम गुढीपाडव्याच्या आसपास संपतो.

[मतदानाचा दिवस. शाळेबाहेर रांग. ठेवणीतली लुगडी, काठीवर आलेली म्हातारी, कडेवर पोरं.]

आत कॅमेरा नेता आला नाही, म्हणून बाहेरच्या रांगेवर समाधान माना. मतदार फक्त बायकाच. पुरुष पारावर बसून होते. एका म्हातारीला दोघींनी खुर्चीत बसवून उचलून आणलं. फडातून एक कोयता रात्रीच्या एसटीने आला, बाईने मत दिलं, दुपारच्या गाडीने दोघं परत गेले. त्या दिवसाचा खाडा मुकादमाने त्यांच्या खात्यावर लावला, हे आम्हाला नंतर कळलं.

[खिडकीतून: टेबलावर दोन गठ्ठे.]

खिडकीच्या गजांतून एवढंच टिपता आलं. डावीकडे उभ्या बाटलीच्या चिठ्ठ्या, उजवीकडे आडव्या बाटलीच्या. उजवा गठ्ठा इतका उंच की त्यावर पेपरवेट ठेवलाय, आणि पंख्याच्या वाऱ्याने वरच्या चिठ्ठ्या तरी फडफडताहेत. बाहेरच्या बायकांनी तो गठ्ठा पाहिला आणि हलगी मागवली.

निम्मी यादी भरली नाही. दुकान राहिलं.

[दुसऱ्या दिवशीची सकाळ. शटर वर जातं. आवाज.]

[शाळेचा व्हरांडा. तेच टेबल. मावशी, समोर मतदार यादीचं काम बघणारे बीएलओ मास्तर.]

यादीतून नाव कमी करायला सात नंबरचा फॉर्म लागतो. मयत असेल तर मृत्यूचा दाखला जोडायचा. मावशीने पिशवीतून एक एक दाखला काढला, गावातल्या कुणाकुणाच्या घरून गोळा केलेला. सगळ्यात वर सासूचा.

मास्तर विचारतात, "मतदाराशी नातं?"

"सून," मावशी म्हणते. "लिवा. आन् अजून दहा फॉर्म द्या."