फुप्फुसांचा आकार : मर्ढेकरांची एक कविता

(रेडिओ स्टुडिओ. मायक्रोफोन. लाल दिवा लागतो.)

हा दिवा लागला की बोलणाऱ्याचा घसा क्षणभर कोरडा पडतो. पहिल्या शब्दाआधी श्वास घ्यावा लागतो आणि तो श्वासही माईक टिपतो. कवी बाळ सीताराम मर्ढेकरांची नोकरी अशा खोल्यांच्या सहवासात गेली. ही खोली त्यांची नव्हे, बरीच नंतरची आहे. पण काचेच्या अलीकडे एक माणूस, पलीकडे एक माणूस आणि मधे शांतता, हे तेव्हाही असंच असणार.

(सातारा जिल्हा. मर्ढे गावाची पाटी.)

हे मर्ढे. इथलं गोसाव्यांचं घराणं गावाच्या नावावरून मर्ढेकर झालं. कवीचा जन्म मात्र खानदेशातल्या फैजपूरचा, १ डिसेंबर १९०९ चा. वडील शिक्षक. पुण्यात फर्गसन कॉलेज झालं आणि मग आयसीएस, म्हणजे इंग्रजी राजवटीतला बडा सनदी अधिकारी, होण्यासाठी लंडन. ते काही जमलं नाही. परत आल्यावर इंग्रजीची प्राध्यापकी केली आणि पुढे ऑल इंडिया रेडिओत शिरले ते अखेरपर्यंत.

(टेबलावर दोन पुस्तकं, शेजारी शेजारी.)

डावीकडे ‘शिशिरागम’, १९३९. उजवीकडे ‘काही कविता’, १९४७. मधे आठ वर्षं. डावीकडच्या पानांवर हळवा, रविकिरण मंडळ या कवींच्या गटाच्या वळणाचा तरुण भेटतो. उजवीकडे मात्र यंत्रं, गर्दी, महायुद्धानंतरची मुंबई आणि तिला धरायला थेट संतांचे अभंग-ओवीचे साचे. मराठी कवितेची कूस इथे बदलली. या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते सुटले.

मर्ढेकर म्हटलं की पिपातले उंदीर, एवढंच आपल्याला शाळा-कॉलेजातून आठवतं. ती कविता मोठीच आहे. पण तिच्या आवाजात दुसरी एक कविता ऐकू येईनाशी झाली, याचं आम्हाला वाईट वाटतं. म्हणून हा खटाटोप.

(छापील पान. कॅमेरा हळूहळू पहिल्या ओळीवर येतो.)

भंगु दे काठिन्य माझे, आम्ल जाऊ दे मनीचे;
येउ दे वाणीत माझ्या सूर तूझ्या आवडीचे.

प्रार्थना म्हणून ही म्हटली जाते, चाल लावून गायली जाते. हात जोडून ऐकली की ती सोपी वाटते. आता जरा पानाजवळ जाऊ. या माणसाला नक्की कशाची शंका आली आहे?

पहिल्याच कडव्यात शब्द आहे ‘वाणी’. मग ‘उच्चार’. मग ‘फुप्फुस’. मग ‘जीभ’. संशय सगळा बोलण्याच्या अवयवांवर आहे. ज्याच्या रोजच्या कामाचा माल म्हणजे आवाज, तो माणूस स्वतःच्याच आवाजाची झडती घेतो आहे. यात आंबटपणा किती, हाव किती, द्वेष किती? ‘आम्ल’ हा शब्द पाहा. देवापुढे उभं राहून कुणी पाप म्हणेल, दोष म्हणेल. मर्ढेकर प्रयोगशाळेतल्या बाटलीवरचा शब्द उचलतात.

आणि ही ओळ:

राहु दे स्वातंत्र्य माझे फक्त उच्चारातले गा;
अक्षरां आकार तूझ्या फुप्फुसांचा वाहु दे गा.

स्वातंत्र्य मागायचं, तेही फक्त उच्चारापुरतं. अक्षराला आकार द्यायचा तो दुसऱ्याच्या श्वासाने. ओळीच्या शेवटी आलेला तो ‘गा’ ज्ञानेश्वरीतून चालत आलेला आहे. आधुनिक म्हणून ज्यांच्यावर शिक्का बसला, त्यांच्या तोंडी सातशे वर्षांपूर्वीची हाक.

(स्टुडिओ. वाचणारी मुलगी, कानावर हेडफोन.)

कविता वाचायला आम्ही एका आवाजाला बोलावलं. तिचा पहिला टेक बिघडला. तिने सवयीने ‘तुझ्या’ म्हटलं, ऱ्हस्व. ओळ जागच्या जागी लंगडली. हे व्योमगंगा वृत्त आहे, गालगागा चार वेळा; ‘गा’ म्हणजे दीर्घ अक्षर, ‘ल’ म्हणजे ऱ्हस्व. तिथे ‘तू’ दीर्घच लागतो, म्हणून पानावर ‘तूझ्या’ छापलं आहे. दुसऱ्या टेकला तिने ‘तू’ लांबवला आणि आपोआप त्या अक्षरावर जोर आला. ज्याला हाक मारायची, तो वृत्ताच्या गरजेनेच मोठा झाला. काठिन्य मोडू दे म्हणणारी कविता आणि तिची चौकट एवढी कडक. बोटांवर मात्रा मोजत ती तिसऱ्यांदा वाचते आहे, पाहा.

मधलं एक मागणं आम्हाला फार मोलाचं वाटतं: भावनेला शास्त्रकाट्याची कसोटी येऊ दे. भक्ती करणारा माणूस वजनकाटा मागतो आहे. सौंदर्यशास्त्रावर आयुष्यभर विचार करणाऱ्यालाच हे सुचावं. याच विचाराच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २० मार्चला दिल्लीत ते गेले. वय शेहेचाळीस.

(पुन्हा पान. बोट खालच्या ओळींवर.)

आता शेवट. ‘आशयाचा तूच स्वामी, शब्दवाही मी भिकारी’ इथे कविता थांबली असती तरी चाललं असतं. नमस्कार करून उठता आलं असतं. पण मर्ढेकर उठत नाहीत. एवढी यादी करून झाल्यावर त्यांना मागण्याबद्दलच शंका येते.

(मुलगी माईकजवळ सरकते. लाल दिवा.)

काय मागावे परी म्यां, तूहि कैसे काय द्यावे...

(ती थांबते. श्वास ऐकू येतो. दिवा अजून लागलेला आहे.)