सर्कलमधली मोकळी जागा

वरून पाहिलं तर सर्कलसारखी समजूतदार रचना नाही. चार रस्ते येतात, मधल्या गोल बेटाला वळसा घालतात आणि प्रत्येक जण आपापल्या वाटेला लागतो. सिग्नल नाही, तरी काम चाललेलं असतं. साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना 32 ठिकाणी भिडतात, एका लेनच्या सर्कलमध्ये फक्त 8 ठिकाणी. समोरासमोरची धडक जवळजवळ संपते आणि वेगही आपोआप उतरतो.

कॅमेरा आता खाली आणू, मोटारसायकलच्या हँडलपाशी. हलक्या वेगात बाजूने लागलेला धक्का चारचाकीत बसलेल्याला पत्र्याच्या खर्चावर निभावतो. तोच धक्का दुचाकीवाल्याला खाली पाडतो, आणि मागून येणारी चाकं त्याच वळणावर असतात. रचना सुरक्षित असली तरी दुचाकीवाल्याला त्या सुरक्षिततेतला आपला वाटा स्वतः मिळवावा लागतो.

पुढचं सगळं डावीकडून चालणारी वाहतूक धरून सांगतो आहोत. जिथे वाहतूक उजवीकडून चालते, तिथे डावं-उजवं उलट करून घ्या.

जगात बहुतेक ठिकाणी सर्कल चालतं ते एका साध्या नियमावर: आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, बाहेरच्याने थांबायचं. ब्रिटनने हा नियम 1966 साली लागू केला. त्याआधी बाहेरचे घुसत राहायचे, आतल्यांना निघता यायचं नाही, आणि अख्खं सर्कल तुंबायचं. पॅरिसमध्ये आर्क द त्रिओंफ या कमानीभोवतीच्या प्रचंड सर्कलमध्ये आजही उलटा कारभार आहे, तिथे आतल्यांनी शिरणाऱ्याला वाट द्यायची असते. म्हणजे हा नियम माणसांनी ठरवलेला आहे आणि तो माणसांनीच पाळायचा आहे. तो पाळायचा तर सर्कलच्या तोंडाशी, म्हणजे आत शिरायच्या जागी थांबलेल्याला आत काय फिरतंय ते आधी दिसलं पाहिजे.

तो काय बघतो, ते त्याच्या सीटवर बसून पाहू. ही गाडी तोंडाशी थांबली आहे. ड्रायव्हरने उजवीकडे मान वळवली, नजर टाकली, परत समोर पाहिलं. त्याची नजर रस्त्यावरून सरकत गेली असं त्यालाही वाटतं, पण डोळे तसं करत नाहीत. ते एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर उडी मारतात आणि त्या उडीत मेंदू चित्र घेतच नाही. मोटारसायकल दोन बिंदूंच्या मधे राहून गेली, तर तिच्याकडे बघूनही ती दिसलेली नसते. अपघातानंतर असा माणूस म्हणतो, ‘मी पाहिलं होतं, कोणी नव्हतं.’ तो बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो.

शिवाय गाडीच्या समोरच्या काचेच्या कडेचा उभा खांब आहेच. उजव्या बाजूचा खांब ड्रायव्हरच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे त्याच्यामागे अख्खी मोटारसायकल स्वारासकट लपते. गाडी हळूहळू पुढे सरकते आहे, मोटारसायकल गोल फिरत येते आहे. दोघांची चाल जुळली तर ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत खांबाआडच राहते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोंडाशी थांबलेला माणूस वाहनं शोधतच नसतो. तो फट शोधत असतो. दोन गाड्यांमध्ये शिरण्याइतकी जागा त्याला हवी असते, आणि आपण नेमके त्याच जागेत असतो. त्यात लहान वस्तू डोळ्यांना असते त्यापेक्षा लांब आणि हळू येणारी वाटते. म्हणजे आपण दिसलो, तरी आपल्याला पोचायला वेळ आहे असाच त्याचा समज होतो.

अमेरिकी संशोधक हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि 1981 साली अहवाल दिला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी जवळपास दोन तृतीयांश टकरींत दुसऱ्या वाहनाने मोटारसायकलचा आधी जाण्याचा हक्क मोडला होता. हक्क स्वाराचा होता, तरी तोच रस्त्यावर पडला. म्हणून हक्काचा विचार बाजूला ठेवायचा आणि जागेचा विचार करायचा, असं आमचं ठाम मत आहे.

आता पडद्यावर डावीकडच्या तोंडाशी उभी असलेली गाडी बघा. ड्रायव्हरचा चेहरा दिसतो का? दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, हे पक्कं धरा. दिसत असेल तरी विसंबू नका, नजरानजर झाली म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलं असं होत नाही. चेहऱ्यावरून नजर खाली आणा, पुढच्या चाकावर. चाक फिरतं तेव्हा त्याचा जमिनीला टेकलेला भाग क्षणभर स्थिर असतो आणि वरची कड गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जाते. बोनेट हललंय की नाही अशी शंका असते, तेव्हा चाकाचे आरे फिरायला लागलेले असतात. चाक वळलेलं कुठे आहे, हेही तिथेच कळतं. इंडिकेटर खोटं सांगू शकतो, वळलेलं चाक सांगत नाही.

खांबाआडून बाहेर पडण्याचा उपाय सोपा आहे. आपल्या लेनमध्येच थोडं डावी-उजवीकडे सरका. सरळ त्याच्या दिशेने येणारा दिवा त्याच्या नजरेत जागचा हलत नाही, पण आडवी हालचाल डोळे चटकन टिपतात. सरकणं मात्र सावकाश हवं, आणि मागे-बाजूला कोणी नाही हे पाहूनच.

वेगाचं गणित सर्कलच्या आधी सोडवायचं असतं. 20 मीटर त्रिज्येचं वळण ताशी 30 किलोमीटरने घेतलं तर मोटारसायकल साधारण 20 अंश कलते. तेच 40 ने घेतलं तर 32 अंश. वेग फक्त दहाने वाढला, पण टायरवरचा आडवा ताण पावणेदोन पट झाला. टायरची पकड एकच असते, तीच वळायला आणि तीच थांबायला. वळण्यातच ती बरीचशी खर्च झाली, तर कोणी अचानक आडवा आल्यावर ब्रेकच्या वाट्याला उरतं ते थोडं. अशा वेळी घाबरून पुढचा ब्रेक आवळला, तर गाडी एक तर उभी होऊन बाहेर फेकली जाते, नाहीतर पुढचं चाक सुटतं. म्हणून ब्रेक आणि गिअर दोन्ही सरळ रस्त्यावर उरकायचे. आत शिरताना दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर आणि इंजिन ओढीत हवं. कलतेपण कमी असलं की अचानक थांबायला हातात काहीतरी शिल्लक राहतं.

त्यात रस्ताही साथ देईलच असं नाही. पाणी वाहून जावं म्हणून बऱ्याच सर्कलचा उतार बाहेरच्या बाजूला काढलेला असतो, म्हणजे आपण आत कलतो आणि रस्ता बाहेर ढकलतो. तुडुंब भरलेल्या टाक्यांतलं डिझेलही वळणावर बाहेरच्याच बाजूला सांडतं. पावसात ते इंद्रधनुषी चकाकतं, कोरड्यात फक्त काळपट डाग दिसतो. पण त्याआधी वास येतो, आणि वास आला की वेग उतरवायचाच. पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं ओली असतील तर त्यांच्यावरून जाताना गाडी शक्य तितकी उभी ठेवा.

तोंडाशी थांबताना एक धोका मागून असतो, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमच्या मागचा ड्रायव्हर तुमच्याकडे पाहत नाही, तोही उजवीकडे फट शोधतो आहे. त्याला फट दिसली की तो धरून चालतो, पुढचा निघालाच असणार. तुम्ही निघता निघता पुन्हा ब्रेक मारला की तो मागून आदळतो. तेव्हा निघालो-थांबलो असं करू नका. थांबायचं तर पूर्ण थांबा, ब्रेकचा दिवा दोन-तीनदा लुकलुकवा, लेनच्या एका कडेला राहा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. निघायचं तर रेटून निघा.

आत शिरल्यावर कुणाच्याही दाराशेजारी रेंगाळू नका. दोन लेनच्या सर्कलमध्ये आतल्या लेनमधली गाडी बाहेर पडायला अचानक तुमच्यासमोरून कापते, मग तिने इंडिकेटर दिलेला असो वा नसो. म्हणून तिच्या पुढे राहा किंवा सरळ मागे. ट्रकच्या बाबतीत तर मागेच. त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, त्यामुळे बेट आणि ट्रक यांच्या मधे दिसणारी मोकळी जागा पाहता पाहता नाहीशी होते. तिथे शिरायचा मोह कितीही होवो, शिरायचं नाही.

इंडिकेटरबद्दल एवढंच. बऱ्याच मोटारसायकलींत तो आपोआप बंद होत नाही. आधीच्या वळणाचा डावा इंडिकेटर चालू राहिला, तर पुढच्या तोंडाशी थांबलेल्याला वाटतं तुम्ही बाहेर पडताय, आणि तो निर्धास्त आत येतो. त्याने नियम पाळलेला असतो, चुकीची खूण आपण दिलेली असते. सर्कल दिसलं की अंगठ्याने इंडिकेटरचं बटण एकदा दाबून बघायची सवय लावा.

बाहेर पडताना आपल्या आधीचा रस्ता मागे टाकला की डावा इंडिकेटर द्या, डावा आरसा बघा, डाव्या खांद्यावरून झटकन मागे नजर टाका, कारण आरशाच्या कोपऱ्यात सायकलवालाही मावत नाही. गाडी उजवीकडून उभी करून डावीकडे कलवतानाच थ्रॉटल फिरवायची घाई करू नका. बहुतेक सर्कलना बाहेर पडल्या पडल्या लगेच पादचाऱ्यांचे पट्टे असतात. तिथे कोणी पाऊल टाकलेलं असलं, तर आधी ब्रेकचा दिवा लुकलुकवा आणि मग थांबा, कारण तुमच्या मागचा ड्रायव्हर सर्कल सुटल्याच्या आनंदात वेग वाढवत असतो.