ढग आमच्याच गावावरून कसे फुटतात?

अध्यक्ष आणि मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘दोन प्रदेशांच्या हवामानाची तुलना : निकष आणि पद्धती’. शीर्षक मीच दिलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. निकषही सांगणार आहे, पद्धतीही सांगणार आहे. पण त्याआधी बरेच दिवस मनात साचलेलं थोडं मोकळं करतो. ऐकायला बसलेली, लगेच उठून जाता न येणारी माणसं रोज कुठे मिळतात?

हवामानाचा विषय निघाला की जगाच्या पाठीवर कुठलाही माणूस दोन दावे हमखास करतो. पहिला, आमच्याकडची हवा भारी लहरी, सकाळी एक अन् संध्याकाळी दुसरी, असं दुसरीकडे कुठे नाही. दुसरा दावा माझा विशेष लाडका. पाऊस आमच्या गावापर्यंत येतो आणि बरोबर वेशीवर दुभंगतो. अर्धा इकडून जातो, अर्धा तिकडून, आम्ही मधे कोरडे. याला कारणही तयार असतं. नदी असेल तर नदी, टेकडी असेल तर टेकडी. दोन्ही नसेल तर धरण, आणि तेही नसेल तर वीजकेंद्राची चिमणी. गंमत अशी की शेजारच्या गावात जाऊन विचारलं तर तिथेही ढग दुभंगत असतात. मग दोन्ही गावांना चुकवून तो पाऊस पडतो तरी कुठे? (हशा) हसू नका, आत्ता हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी हे म्हटलेलं आहे.

लोक खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. त्यांना खरंच तसं दिसतं. वळवाचा गडगडाटी पाऊस म्हणजे आभाळभर पसरलेली एकसंध चादर नव्हे. तो सुट्या सुट्या ढगांचा कळप असतो. एकेक ढग पाचदहा किलोमीटर रुंद, आयुष्य अर्ध्या-पाऊण तासाचं. जुना विरतो, त्याच्या थंड वाऱ्याने कडेला नवा उभा राहतो. क्षितिजावर हे सगळे एकामागे एक आल्यामुळे काळी भिंत चालून येतेय असं वाटतं. लांबून झाडी दाट दिसावी आणि जवळ गेल्यावर मधून पायवाट निघावी, तसं त्या भिंतीचं होतं. जवळ येताना फटी उघडतात आणि आपण बहुतेक वेळा फटीतच सापडतो, कारण अशा दिवशी पावसाखाली असलेल्या जमिनीपेक्षा कोरडी जमीन जास्त असते. आणि जेव्हा ढग थेट डोक्यावर येऊन धो धो कोसळतो, तेव्हा ‘आज ढग फुटला नाही’ अशी नोंद कोण करतं? त्या दिवशी छत्री कुठे राहिली एवढंच आठवतं. चुकलेले पाऊस मोजायचे आणि लागलेले सोडून द्यायचे, असा हा हिशेब आहे.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर प्रश्नोत्तरांत कुणीतरी पकडेल. मोठ्या शहराचा पावसावर परिणाम होतो, हे खरं आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसभोवती १९७० च्या दशकात पर्जन्यमापकांचं जाळं टाकून पाहिलं, तेव्हा शहरावरून वारा ज्या बाजूला जातो तिकडे उन्हाळी पाऊस वाढलेला आढळला. पण ते कळलं कशावरून? अनेक मापक आणि काही वर्षांच्या नोंदी यांवरून. गच्चीवर उभं राहून नव्हे.

आणि पाऊस किती सुटासुटा पडू शकतो याचा दाखला हवा असेल तर २६ जुलै २००५ घ्या. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच मुंबईत, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. शहर एक, किनारा एक, मोसमी वारे तेच. त्या दिवशी मुंबईत पाऊस किती झाला, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देऊन दाखवा.

आकड्याचं निघालंच आहे तर माझी खरी तक्रार ऐका. उन्हाळ्यात एकजण मला फोनवर ४७ अंश तापमान दाखवतो, दुसरा गाडीच्या काचेमागचा ५१ चा आकडा दाखवतो, आणि दोघं मिळून विचारतात की हवामान खातं तापमान दडवतं का? अहो, गाडी उन्हात उभी होती, खाली डांबर होतं. ती स्वतःचा ताप सांगतेय, हवेचा नव्हे. हवेचं तापमान मोजायचं तर तापमापक सावलीत हवा, त्याला वारा लागायला हवा आणि तो जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर हवा. त्यासाठी ती पांढरी, झडपांची पेटी असते, चार पायांवर उभी. उत्तर गोलार्धात तिचं दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी आत ऊन पडू नये. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात ती बेतली. मूळचा दीपगृहं बांधणारा माणूस. त्याचा मुलगा पुढे कादंबरीकार म्हणून जगभर गाजला आणि बापाची पेटी मात्र कुणाला ठाऊक नाही. साहित्याच्या लोकांवर माझा राग नाही, पण नोंद करून ठेवतो.

पेटी असूनही काय होऊ शकतं ते सांगतो. ही गोष्ट मला इतकी आवडते की वेळ गेला तरी चालेल. लिबियात त्रिपोलीच्या दक्षिणेला अल् अझीझिया नावाचं ठिकाण आहे. १३ सप्टेंबर १९२२ ला तिथे ५८ अंश सेल्सिअसची नोंद झाली. पृथ्वीवरचं सर्वांत जास्त तापमान! पुढची नव्वद वर्षं हा आकडा पाठ्यपुस्तकांत होता, नकाशांत होता, सामान्यज्ञानाच्या स्पर्धांत होता. तुमच्यापैकी कुणीतरी त्यावर बक्षीसही मिळवलं असेल. परत करू नका.

मग जागतिक हवामान संघटनेने चौकशीला तज्ज्ञांची समिती नेमली. कामाच्या ऐन मध्यात लिबियात क्रांती पेटली आणि समितीतल्या लिबियाच्या हवामानतज्ज्ञाशी संपर्कच तुटला. ते काही महिन्यांनी सुखरूप सापडले आणि काम पुढे सरकलं. मूळ हस्तलिखित तक्ता पाहिला तर ११ सप्टेंबरपासून अक्षर बदललेलं! म्हणजे नोंदी घेणारा माणूस नवा. कमाल-किमानचे आकडे भलत्याच रकान्यांत. आता उपकरण पाहा. तापमापक जुन्या घडणीचा होता. त्याच्या नळीत एक बारीक दर्शक सरकतो आणि जिथपर्यंत ढकलला गेला तिथे थांबतो. वाचायचं असतं त्याचं खालचं टोक. त्या दर्शकाची लांबी जवळपास सात अंशांएवढी. नवख्याने वरचं टोक वाचलं असेल, तर सात अंश फुकटात चढले. शिवाय पेटीखालची जमीन डांबरासारखी काळी. आसपासच्या केंद्रांशी आकडा जुळत नाही, आणि त्याच केंद्रावर पुढे कधीही त्याच्या जवळपास तापमान गेलं नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये विक्रम रद्द झाला. आता मान कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ चा, ५६.७ अंशांचा. त्यावरही शंका घेणारे आहेत, पण तो वाद आज उकरत नाही.

एक माणूस, एक टोक, नव्वद वर्षं. आणि ही कथा रीतसर पेटी, रीतसर तक्ता असलेल्या केंद्राची. गाडीच्या काचेमागे काय होत असेल?

तिसरी तक्रार दमट हवेची. किनाऱ्यावरचा माणूस छातीठोकपणे सांगतो, ‘आमच्याकडे तापमान चाळीस आणि आर्द्रता नव्वद टक्के!’ दोन्ही आकडे खरे असू शकतात, पण वेगवेगळ्या वेळचे. हे टक्के म्हणजे सापेक्ष आर्द्रता, त्या तापमानाला हवेत मावेल तेवढ्या वाफेपैकी किती वाफ आहे ते. ती पहाटे सर्वांत जास्त, कारण हवा गार असते. दुपारी तापमान चढतं तशी ती उतरते, हवेतली वाफ तेवढीच राहिली तरी. चाळीस अंशांना नव्वद टक्के खरोखर झाले तर दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार केली की तिच्यातल्या वाफेचं दव होऊ लागतं तो अंश, अडतीसच्या आसपास जाईल. जगात आजवर नोंदलेला सर्वांत वरचा दवबिंदू ३५ चा मानतात, सौदी अरेबियात धाहरानला, ८ जुलै २००३ ला, पर्शियन आखाताच्या काठी. म्हणजे सांगणाऱ्याचं गाव धाहरानवर मात करून बसलेलं असतं आणि कुणाला पत्ता नसतो. दोन ठिकाणच्या उकाड्याची तुलना करायची तर टक्के सोडा, दवबिंदू बघा. तो चोविशीच्या वर गेला की घाम वाळत नाही आणि माणूस चिडचिडा होतो, इतकं व्यवहारात पुरतं.

चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटे.’ खाली दोन रेघा मारल्यात, म्हणजे खरं तर सातच असावीत. चला तर, निकष आणि पद्धती.

पहिली गोष्ट, वर्षाची बेरीज फसवते. लंडन म्हटलं की पाऊस, आणि रोम म्हटलं की ऊन. पण लंडनचा वार्षिक पाऊस सुमारे ६०० मिलिमीटर आणि रोमचा ८०० च्या घरात. न्यूयॉर्कचा लंडनच्या दुप्पट. लंडनची कीर्ती आहे ती ढगाळ दिवसांची आणि भुरभुरीची. रोममध्ये पाऊस कमी दिवस पण जोरात पडतो. मुंबईच्या एकट्या जुलैत लंडनच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त पडतो, आणि तरी जानेवारीत मुंबईला कुणी पावसाळी म्हणणार नाही. तेव्हा बेरीज, पावसाचे दिवस आणि महिन्यांतली वाटणी अशी तीन घरं भरा. चेरापुंजीत ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पडला, तो विक्रम अजून टिकून आहे. तिथेच हिवाळ्यात पाण्यासाठी पायपीट होते. डोंगरउतारावरून पाणी वाहून जातं आणि कोरडे महिने कोरडेच राहतात.

दुसरी, तापमानाची सरासरीही तशीच. सॅन फ्रान्सिस्को आणि बीजिंग यांच्या वार्षिक सरासरीत जेमतेम एक-दीड अंशाचा फरक. पण बीजिंगचा जानेवारी शून्याखाली आणि जुलै तापलेला. सॅन फ्रान्सिस्कोला थंड सागरी प्रवाहामुळे बारा महिने स्वेटर, आणि तिथला सर्वांत उबदार महिना सप्टेंबर.

तिसरी, अक्षांशावरून थंडी ओळखू नका. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं व्हँकुव्हर ४९ अंश उत्तरेला, रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं व्लादिवोस्तोक ४३ वर, म्हणजे विषुववृत्ताच्या जवळ. तरी जानेवारीत गोठतं व्लादिवोस्तोक. त्या पट्ट्यात वारे पश्चिमेकडून येतात. एकाला समुद्रावरची ऊब मिळते, दुसऱ्याला सायबेरियाचा गारठा. युरोपच्या ऊबदारपणाचं सगळं श्रेय गल्फ प्रवाहाला, म्हणजे अटलांटिकमधल्या उबदार सागरी प्रवाहाला, देणाऱ्यांनी हे जरूर पाहावं, कारण व्हँकुव्हरजवळ गल्फ प्रवाह नाही. उंचीचंही तसंच. इक्वेडोरची राजधानी क्विटो विषुववृत्ताला खेटून आहे, पण २,८५० मीटरवर, म्हणून तिथे वर्षभर गारवा. आणि डोंगराची कुठली बाजू हेही विचारा. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्माही नाही, आणि खाली वाईत हजाराच्या आत.

चौथी, भरवसा. याकडे कुणी बघत नाही. पाऊस जितका कमी, तितका वर्षावर्षांतला फरक मोठा, असा ढोबळ नियम आहे. ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जला २००९ मध्ये शंभर मिलिमीटरही झाला नाही आणि २०१० मध्ये साडेसातशेच्या वर गेला. तिथली सरासरी तीनशेच्या आत आहे, पण सरासरीएवढा पाऊस तिथे क्वचितच पडतो. म्हणून हवामानशास्त्रात ‘सामान्य’ ठरवताना तीस वर्षांच्या नोंदी घेतात, सध्या १९९१ ते २०२० च्या. ‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणणाऱ्यांनाही तिथेच तपासा. त्यांचं कधी कधी बरोबर निघतं. पृथ्वी तापते आहे हे अशाच नोंदींवरून कळलं, एका कडक उन्हाळ्यावरून नाही आणि एका बोचऱ्या थंडीने ते खोटंही ठरत नाही.

पाचवा निकष वाऱ्याचा होता, पण दुसरी चिठ्ठी आलीय आणि या वेळी तिच्यावर काही लिहिलेलंच नाही. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतले ते गृहस्थ केव्हापासून हात वर करून बसलेत. बोला. काय म्हणालात? तुमच्या गावात खरोखरच फुटतात? बरं. मापक किती आहेत तुमच्याकडे?